बोटभर सैल गाठ

एका गावात एक पोरगी होती आणि तिला प्रश्न पडायचे. एवढाच तिचा गुन्हा.

गाव पानमळ्यांचं. जेवण झाल्यावर लोक ज्या विड्याच्या पानाला चुना लावतात, त्या पानांच्या वेली तिथं वाढायच्या. सरळसोट शेवरीची झाडं, त्यांच्या अंगावर चढवलेल्या वेली, वर गर्द सावली आणि खाली गारवा. मळ्यात शिरायचं तर पायताण बाहेर काढायचं, असा तिथला रिवाज. सरपंच असो नाहीतर साहेब, आत अनवाणीच. त्या गावात एखादा माणूस बायकोला मारून आला तरी लोक सावरून घेत. पानमळ्यात चप्पल घालून गेला तर घेत नसत.

पोरीचं नाव त्रिशला. वय वर्षं दहा. तिचे वडील सातगोंडा, गावातला सगळ्यात देखणा मळा त्यांचा. ती त्यांना आप्पा म्हणायची आणि दिवसातून चाळीस वेळा म्हणायची.

"आप्पा, वेलीला डोळे नाहीत, मग शेवरी कुठं आहे हे तिला कसं कळतं?"

"आप्पा, पान एवढं तिखट, मग अळी ते कशी खाते?"

"आप्पा, मुंग्या वाटेत थांबून एकमेकींना काय सांगतात?"

आप्पांचं उत्तर ठरलेलं. "मोठी झालीस की कळेल." मोठं होऊन आप्पांना वीस-पंचवीस वर्षं झाली होती आणि मुंग्यांबद्दल त्यांना एक अक्षर कळलेलं नव्हतं. पण ते त्यांना विचारणार कोण? आई कुसुम म्हणायची, "सर बाजूला, भाकरी करपेल." भाकरी तव्यावर नसली तरी म्हणायची. शाळेतले गुरुजी म्हणायचे, "हे परीक्षेला नाही."

सगळ्या गावात एकच माणूस होता, जो तिला हाकलत नसे. तो म्हणजे मळ्यातला गडी धुळाप्पा. सत्तरीचा म्हातारा. सातगोंडा त्याला अरे-तुरे करायचा, आणि त्रिशला आज्जा म्हणायची. तिनं काहीही विचारलं की धुळाप्पा आधी डोकं खाजवायचा.

"ठाऊक न्हाई बग, बाय. बघूया."

मग दोघं उकिडवी बसून बघायची. कधी उत्तर सापडायचं, कधी नाही. पण बघणं व्हायचं.

धुळाप्पाचं काम बांधणीचं. पानवेल आपली आपण उभी राहत नाही. ती लव्हाळ्याच्या पातीनं शेवरीला बांधावी लागते. गाठ करकचून मारली तर वेलीचा गळा कापतो, पानं पिवळी पडतात. गाठ ढिली राहिली तर वेल घसरून मातीत लोळते. म्हणून गाठीत एक बोट गेलं पाहिजे. दोन नाही, अर्धं नाही. आणि एकदा बांधून भागत नाही. वेल वाढते, गाठ होती तिथंच राहते. दर आठ दिवसांनी प्रत्येक वेलीपाशी जायचं, जुनी गाठ सोडायची, वर नवी मारायची. सातगोंडाला ही विद्या बापाकडून आलेली. त्याच्या हातची गाठ बघायला शेजारच्या गावचे लोक यायचे.

तर हा असा माणूस. एक दिवस त्यानं पोरीला टॅब आणून दिला.

"सगळं आहे यात," तो म्हणाला. "शाळेचा अभ्यास पण. जे विचारायचं ते याला विचार. माझं डोकं खाऊ नको."

आणि वर म्हणाला, "रोज एक तास हं."

एकदा म्हणाला. परत कधी म्हणाला नाही आणि बघितलंही नाही. वेलीची गाठ दर आठवड्याला तपासणारा माणूस. पोरीला घातलेली गाठ एकदाच मारून विसरला. आपण कामच असं चोख करतो की एकदा सांगितलं म्हणजे झालं, असं त्याला वाटत असावं. बापांना वाटतं.

टॅब वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्रिशलानं पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, पानवेलीच्या पेरापेराला बारीक मुळं का फुटतात? टॅबनं चित्र काढून दाखवलं. ती धावत मळ्याच्या तोंडाशी गेली, चप्पल भिरकावली आणि आत ओरडली, "आज्जा, ती मुळं खायला नाहीत! धरून ठेवायला आहेत!"

धुळाप्पानं वेलीकडं नव्यानं बघितलं. "म्हंजी हात हायेत म्हन की तिचे. पन्नास वर्सं मी हातात हात घेतोय आन् मला ठाऊक न्हाई."

पण टॅबला एक खोड होती. विचारलेल्याचं उत्तर संपलं की तो न विचारलेलं काहीतरी पुढं करायचा. मुळांनंतर झाडं उपटणारा हत्ती आला. हत्तीनंतर एका बैठकीत साठ केळी खाणारा माणूस आला. त्याच्यानंतर रंगीत फुगे आले. फुगे बोटानं फोडायचे, फोडले की नवे यायचे. ते संपतच नसत. महिनाभरात त्रिशला फुग्यांपर्यंत पोचली आणि तिथंच राहिली.

तिचे प्रश्न बंद झाले.

घरात शांतता पसरली. आईला बरं वाटलं. पाहुणे म्हणाले, "काय गुणाची पोर, आवाज म्हणून नाही." संध्याकाळी तिघं जेवायला बसत. आईच्या मांडीवर आईचा फोन, त्यात मालिका. आप्पांच्या तांब्याला टेकवून आप्पांचा फोन, त्यात कुस्ती. पोरीच्या हातात टॅब. भाजीत मीठ नाही हे एकदा तिघांपैकी कुणालाच कळलं नाही. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे तरी कसं कळावं? शांतता हवी होती, ती आली होती. मागवलेली वस्तू घरपोच आल्यावर कुणी तक्रार करत नाही.

एका रविवारी बांधणी चालली होती. धुळाप्पा ओळीच्या एका टोकानं येत होता, सातगोंडा दुसऱ्या टोकानं. आईनं त्रिशलाजवळ भाकरीचा डबा दिला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात टॅब, डोळे फुग्यांवर. पोरगी घरातून निघाली, रस्ता ओलांडला, मळ्यात शिरली आणि चालत चालत थेट मधोमध आली.

"पायताण!"

आप्पांचा आवाज असा आला की वरचे पक्षी उडाले. त्रिशलानं खाली बघितलं. पायात चप्पल होती. ती आत कधी आली, तिला आठवत नव्हतं. मळ्याचं तोंड कधी गेलं, आठवत नव्हतं. तिला रडू फुटलं ते ओरडण्यामुळं नाही. आपले पाय आपल्याला न विचारता चालत होते, याची तिला भीती वाटली.

"आजा-पणज्यापासून या मातीला कुणी पायताण लावलं नाही!" आप्पा कडाडत होते. "तुला दिसत नाही? डोळे कुठं असतात तुझे?" आणि त्यांच्या पाठीमागं एका शेवरीला लव्हाळ्याच्या फासात त्यांचा फोन टांगलेला होता. त्यात कुस्ती चालली होती आणि एक माणूस बोंबलत होता, "ढाक मारली! काय ढाक मारली, मंडळी!"

टॅब हिसकावला गेला. कपाटात गेला. किल्ली आप्पांच्या जानव्याला गेली. "कायमचा बंद," आप्पा म्हणाले. आधी मोकाट, मग करकचून. मधलं बोटभर अंतर त्यांना फक्त वेलीच्या बाबतीत माहीत होतं.

पहिले दोन दिवस त्रिशलानं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून पडली. चौथ्या दिवशी तिला कंटाळा आला. कंटाळा ही फार कामाची गोष्ट आहे. पण लेकराच्या तोंडावर तो दिसला की मोठी माणसं घाबरतात आणि त्याच्या हातात काहीतरी कोंबतात. या वेळी कोंबायला काही नव्हतं. पाचव्या दिवशी ती अंगणात मुंग्या बघत बसली. सहाव्या दिवशी मळ्यात गेली. अनवाणी.

आठव्या दिवशी पुन्हा बांधणीची वेळ आली आणि मळ्यात आरडाओरडा झाला.

मधल्या ओळींतल्या चौदा वेली बिघडल्या होत्या. काहींचे गळे गाठीपाशी काळे पडले होते, काही घसरून चिखलात पडल्या होत्या. इतक्या वर्षांत या मळ्यात असं झालं नव्हतं. शेजारचे दोघे-तिघे मळेवाले बघायला जमले. सातगोंडाचा चेहरा लाल झाला.

"धुळाप्पा! ही काय गाठ आहे? मोती पडलाय तुझ्या डोळ्यात. आणि हातही गेलेत."

धुळाप्पानं आपली बोटं वर धरून बघितली. "मालक, मधला भाग कुनी बांदला ते ध्यानात न्हाई. आपुन दोघं हितं मधी कुटंतरी भेटलो. माझीच असतील गाठी."

"तुझ्याच. माझ्या हातची गाठ अशी असते का? उद्यापासून येऊ नको."

म्हाताऱ्यानं मान हलवली. भांडला नाही. पन्नास वर्षं ज्या बोटांवर भरवसा ठेवला त्यांच्यावरचा भरवसा त्याचाच उडाला होता. तो बांधावर जाऊन बसला आणि बोटं उघडमीट करत राहिला.

त्रिशला त्याच्याजवळ गेली.

"आज्जा, तुमच्या गाठी अशा असतात?"

"नव्हत्या गं. आता काय सांगावं. म्हातारपन हाय."

"म्हणजे ठाऊक नाही ना?"

"न्हाई."

"मग बघूया."

माणसं पांगल्यावर त्रिशलानं घरून दप्तर आणलं आणि ती दोघं मळ्यात गेली. त्रिशलानं बिघडलेल्या प्रत्येक वेलीला आपल्या वहीच्या पानाची एक चिंधी अडकवली. चौदा चिंध्या. मग ती लांब जाऊन उभी राहिली. चिंध्या सरळ ओळीत नव्हत्या. धुळाप्पा तर सरळ ओळीनं बांधत येतो. या चिंध्या गोल होत्या. कशाच्या तरी भोवती बसल्यासारख्या.

गोलाच्या मध्ये एक शेवरी होती. तिच्यावर, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, लव्हाळ्याचा वाळलेला फास.

त्रिशलाला कुतूहलानं गुदगुल्या झाल्या. किती दिवसांनी झाल्या. तिनं दप्तरातली कंपासपेटी काढली आणि फासात उभी अडकवली.

"आज्जा, तुम्ही आप्पांएवढेच उंच आहात. एकेका चिंधीपाशी उभं राहा, गाठ मारल्यासारखं करा आणि सांगा. पेटी दिसते?"

"दिसती."

"इथं?"

"दिसती की."

"इथं?"

"त्याच्यावर वाघाचं चित्र हाय, ते बी दिसतंय."

मोती पडलेल्या डोळ्यांना वाघ दिसत होता. त्रिशलानं तेवढं मनात ठेवलं. मग ती गोलाच्या आतल्याच दोन चांगल्या वेलींपाशी गेली. त्यांच्या गाठी सुबक होत्या, बरोबर एक बोट जात होतं. इतक्या जवळ असून या दोघीच कशा वाचल्या?

"आणि इथून, आज्जा?"

धुळाप्पा उभा राहिला. डावीकडं वाकला, उजवीकडं वाकला. मध्ये पांगाऱ्याचं जाड खोड होतं.

"न्हाई दिसत."

पेटी जिथून दिसत होती, तिथली प्रत्येक गाठ बिघडलेली. जिथून दिसत नव्हती, तिथली चांगली. मळ्यात फोन एकाच माणसाजवळ होता. आणि त्रिशलाला तो आवाजही आठवला. ढाक मारली, काय ढाक मारली. ती स्वतः चप्पल घालून आत आली तोच दिवस, तीच जागा. डोळे दुसरीकडं असले की पाय काय करतात हे तिला माहीत होतं. हात वेगळं काय करणार?

धुळाप्पानं हळूच पेटी काढून तिच्या हातात दिली. "पोरी, हे हितंच ऱ्हाऊ दे. मालक हाय तो. आन् तुजा बाप हाय."

"पण तुमची बोटं चांगली आहेत, आज्जा."

"मला कळलं, तेवढं बास झालं."

तिला बास झालं नव्हतं.

संध्याकाळी, जेवणाआधी, तिनं आप्पांना सगळं सांगितलं. चिंध्या, फास, पेटी, पांगारा. मोठ्या माणसाला चूक दाखवली की तो आधी खाकरतो. आप्पा खाकरले. मग आवाज चढवला, "आता तू मला बांधणी शिकवणार?" मग आवाज एकदम उतरला, कारण त्यांना आठवत होतं. त्यांना मळ्यातच, धुळाप्पावर ओरडतानाच आठवलं होतं. कबूल करायचं म्हणजे शेजारच्या मळेवाल्यांपुढं, गड्यापुढं. त्यापेक्षा गडी गेलेला बरा.

ते उठले. कपाट उघडलं. टॅब आणून तिच्यासमोर ठेवला.

"हवा होता ना? घे. तासाबिसाचं काही नाही, हवा तेवढा बघ. पण उद्या मळ्यात तोंड उघडायचं नाही."

आई फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "घे गं, आप्पा एवढे देतायत तर."

टॅब नुसता ठेवल्यानं उजळला. फुगे तसेच होते, जिथं सोडले तिथंच, वाट बघत. त्रिशलाचं बोट आपोआप पुढं गेलं. काचेच्या अगदी जवळ गेलं. तिला आठ दिवसांची सगळी भूक आठवली. मग तिला बांधावर बसलेला म्हातारा आठवला, स्वतःची बोटं उघडमीट करणारा.

तिनं बोट मागं घेतलं.

"आप्पा, हा घेतला तर मी गप्प बसेन," ती म्हणाली. "पहिल्यांदा पण तुम्ही मला त्याच्यासाठीच दिला होता."

घरात पुन्हा शांतता झाली. ही मागवलेली नव्हती. आईनं आपला फोन पालथा घातला. आप्पांनी तांब्या उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. कुस्तीत आयुष्यभर ढाकेचा डाव बघितलेल्या माणसाला पहिल्यांदाच कळलं की ती लागते कशी.

सकाळी धुळाप्पा आपला विळा न्यायला आला. शेजारचे मळेवाले पाणी सोडायला आलेलेच होते. सातगोंडानं मळ्याच्या तोंडाशी चप्पल काढली. मग खिशातला फोन काढून चप्पलेवर ठेवला.

"धुळाप्पा," तो म्हणाला, आणि मग दुरुस्त केलं, "धुळाप्पा मामा. त्या गाठी माझ्या होत्या. मी कुस्ती बघत होतो. तुमचा विळा राहू द्या."

शेजारचा एक जण फिसकन हसला. सातगोंडानं हसू दिलं. मग आप्पा, म्हातारा आणि त्रिशला अशा तिघांनी मिळून चौदा वेली पुन्हा बांधल्या. प्रत्येक गाठीत त्रिशलानं बोट घालून बघितलं. आप्पांची एक गाठ तिनं नापास केली आणि त्यांना सोडून परत बांधायला लावली. त्यांनी बांधली.

काम संपल्यावर सातगोंडा म्हणाला, "त्या टॅबचं काय करू, मामा? फोडून टाकतो."

"गाठ चुकली म्हनून कुनी वेल उपटतं व्हय, मालक?"

"मग घड्याळ लावतो. तासानं आपोआप बंद."

"लावा की. पर उद्या पोर वाढंल. अब्यास वाढंल, खोडी बी वाढतील. तवा तास कमी करायचा का जास्त, बघनार कोन? घड्याळ?" धुळाप्पानं उरलेला लव्हाळा कमरेला खोचला. "दर आठ दिसाला यावं लागतं, मालक. आन् येताना डोळं संगट आनावं लागतात."

त्या दिवसापासून सातगोंडाच्या उंबऱ्याबाहेर पानं भरायची एक जुनी बांबूची पाटी आली. चपला खाली, फोन पाटीत. आईचा पण. जेवण होईपर्यंत तिथंच. पहिल्या आठवड्यात आप्पा दोनदा पाटीकडं सरकले, आणि दोन्ही वेळा पोरगी ताटावरून न उठता म्हणाली, "आप्पा, पायताण." ते परत येऊन बसले. भाजीत मीठ आहे की नाही हे घरात कळायला लागलं.

जेवणानंतर एक तास टॅब. शेजारी आप्पा किंवा आई. उत्तर संपलं की टॅब न विचारलेलं काहीतरी पुढं करायचा, तेव्हा शेजारचं माणूस विचारायचं, "हे आपण मागितलं होतं?" नसेल मागितलं तर बंद. रविवारी तिघं बसून ठरवायचे, गाठ आहे तिथंच ठेवायची की थोडी वर न्यायची.

पहिल्याच संध्याकाळी त्रिशलानं जुना प्रश्न काढला. "आप्पा, वेलीला डोळे नाहीत. मग शेवरी कुठं आहे हे तिला कसं कळतं?"

आप्पांच्या तोंडात जुनं उत्तर आलं. "मोठी झा..." ते थांबले. डोकं खाजवलं.

"ठाऊक नाही," आप्पा म्हणाले. "बघूया."

टॅबनं अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं बघायला दोघं सकाळी मळ्यात गेली, अनवाणी.

तात्पर्य: लेकरू गप्प झालं म्हणजे शहाणं झालं, असं मोठ्यांनी समजू नये. त्याच्या हातात टॅब जरूर द्यावा, पण त्याला घातलेली मर्यादा बोटभर सैल असावी, ते वाढेल तशी पुन्हा पुन्हा बांधावी, आणि बांधताना आपले डोळे आधी गाठीवर आणावेत. ज्याला आपला फोन खाली ठेवता येत नाही, त्यानं पोराच्या हातातला हिसकावू नये.